होगा : पर्ल हार्बर ते आर्कान्सा नदी, एका टगबोटीची सेवा आणि तिचे जतन

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ लिटल रॉक शहराच्या नदीकाठी दोन जुन्या नौका बांधून ठेवल्या आहेत. एक आहे ‘रेझरबॅक’ ही पाणबुडी. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात हजर होती. दुसरी आहे ‘होगा’ ही शंभर फुटी टग. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडत असताना ती बंदरात काम करत होती. त्या सकाळच्या लढाऊ जहाजांपैकी ‘ॲरिझोना’ आणि ‘यूटा’ अजून तिथेच तळाशी आहेत. दुरुस्त होऊन पुन्हा लढलेली बाकीची पुढे मोडीत निघाली किंवा बुडवली गेली. तरंगत राहिली ती ही टग.

ती टिकली याचे श्रेय बहुतेक लेखांत तिच्या पराक्रमाला दिले जाते. आमच्या मते ते चूक आहे. युद्धानंतर जवळजवळ ४५ वर्षे तिच्याकडे काम होते, म्हणून ती टिकली. जतनाच्या सगळ्या अडचणी ते काम थांबल्यानंतरच्या आहेत.

बांधणी आणि यंत्रणा

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, मॉरिस हाइट्स इथल्या कन्सॉलिडेटेड शिपबिल्डिंग कॉर्पोरेशनच्या यार्डात २५ जुलै १९४० रोजी तिचा कणा घातला गेला. ३१ डिसेंबरला ती पाण्यात उतरली आणि मे १९४१ मध्ये नौदलात दाखल झाली. वर्ग वोबान, क्रमांक वायटी-१४६. लांबी १०० फूट, रुंदी साधारण २५ फूट, वजन सव्वातीनशे टनांच्या आसपास. पनामा कालव्यातून ती पॅसिफिकमध्ये आली आणि हवाईतल्या १४ व्या नौदल जिल्ह्याच्या ताब्यात गेली. रोजचे काम म्हणजे मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणे, धक्क्यावरून काढणे आणि बंदरात आग लागली तर पाणी मारणे.

तिची यंत्रणा डिझेल-इलेक्ट्रिक आहे. मॅकिन्टॉश अँड सीमोर बनावटीची दोन डिझेल इंजिने जनित्रे फिरवतात, जनित्रांची वीज मोटरला जाते आणि मोटर एकच पंखा फिरवते. इंजिन आणि पंख्याचा दांडा यांच्यात थेट जोड नाही. याचे महत्त्व टग चालवणाऱ्यालाच कळते. त्या काळातल्या थेट जोडणीच्या डिझेल टगला पुढून मागे जायचे असेल, तर इंजिन बंद करायचे, कॅमशाफ्ट सरकवायचा आणि दाबाच्या हवेने इंजिन उलट दिशेला पुन्हा सुरू करायचे. हवेच्या बाटल्या भरलेल्या असल्या तरी अशी सुरुवात मोजक्याच वेळा जमते. भराभर हुकूम बदलले की हवा संपते आणि टग नुसती तरंगत राहते. होगात इंजिन एकाच दिशेला, एका ठरलेल्या वेगाने फिरत राहते. उलटसुलट होतो तो मोटरचा प्रवाह. पंखा अगदी हळू फिरत असतानाही पूर्ण जोर मिळतो. जळत्या जहाजाला नाळ (बोटीचे पुढचे टोक) टेकवून तासन्‌तास एकाच जागी उभे राहायचे असेल, तर याहून सोयीची यंत्रणा तेव्हा नव्हती.

जागी उभे राहणे वाटते तितके सोपे नसते. अग्निशमन मॉनिटरमधून (पाण्याचा जोरदार झोत फेकणाऱ्या तोटीतून) मिनिटाला २,००० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात हजार लिटर पाणी १०० पीएसआय (चौरस इंचाला १०० पौंड) दाबाने सुटत असेल, तर त्याचा उलटा धक्का साधारण ४८० किलोचा भरतो. दोन मॉनिटर एकाच बाजूला चालवले, तर जवळजवळ एक टन. हा धक्का पंख्याने सतत तोलून धरावा लागतो; जरा जोर कमी पडला की बोट मागे सरते आणि पाण्याची धार आगीऐवजी समुद्रात पडते.

७ डिसेंबर १९४१

हल्ला सुरू झाला तेव्हा होगा यार्डातल्या टेन-टेन धक्क्याजवळ होती. धक्क्याची लांबी १,०१० फूट, त्यावरून हे नाव. टगमास्टर चीफ बोट्‌स्वेन्स मेट जोसेफ मॅकमॅनस यांनी दहाएक मिनिटांत बोट सोडवली. पहिले काम माणसे उचलण्याचे. पाण्यातल्या दोघांना वर घेऊन धक्क्यावर पोचवले.

त्याच धक्क्याला ‘हेलेना’ ही क्रूझर लागलेली होती आणि तिच्या बाहेरच्या बाजूला ‘ओग्लाला’ ही सुरुंग पेरणारी जुनी बोट. टॉर्पेडो ओग्लालाच्या तळाखालून जाऊन हेलेनावर फुटला, पण स्फोटाच्या दणक्याने ओग्लालाचाच तळ उसवला. ती हेलेनावर कलंडली असती, तर क्रूझर धक्क्याशी अडकून पडली असती. दोन टगनी तिला ओढून हेलेनाच्या मागे धक्क्याला लावले आणि ती तिथेच आडवी झाली. पुढे तिला वर काढून दुरुस्त केले गेले.

यानंतर ‘व्हेस्टल’. हे दुरुस्ती-जहाज ॲरिझोनाच्या बाहेरच्या कुशीला बांधलेले होते. ॲरिझोनाचा पुढचा दारूगोळा उडाला आणि तेल पेटले. व्हेस्टलचे कप्तान कॅसिन यंग स्फोटाने पाण्यात फेकले गेले आणि पोहत परत आले; त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. खलाशांनी दोर कुऱ्हाडीने तोडले आणि होगाने नाळेवर दोर घेऊन तिला आगीपासून बाहेर ओढले. व्हेस्टल नंतर आयियाच्या उथळ पाण्यात जाणूनबुजून रुतवली, म्हणून ती बुडाली नाही.

सगळ्यात मोठे काम ‘नेव्हाडा’चे. बॅटलशिपच्या रांगेतून स्वतःच्या वाफेवर सुटलेली ही एकच बॅटलशिप. वाटेत तिच्यावर बॉम्ब पडत गेले. ती वाहिनीच्या तोंडाशी बुडाली असती, तर सगळे बंदर कोंडले गेले असते, म्हणून तिला हॉस्पिटल पॉइंटवर रुतवले. पण तिथून प्रवाह तिची पिछाडी फिरवू लागला. होगाने आणि आणखी एका टगने तिला तिथून सोडवून वाहिनीपलीकडे वायपियो पॉइंटकडे ढकलत नेले आणि पुन्हा रुतवले. सव्वातीनशे टनांची टग आणि तीस हजार टनांच्या आसपासचे जहाज, तेही आत पाणी भरलेले. त्यात होगा नेव्हाडाच्या डाव्या नाळेला बांधून घेऊन पुढच्या भागातली आगही विझवत होती. अशा वेळी टगचे दोर फार लांब ठेवून चालत नाही. मोठे जहाज जसजसे खाली बसते, तसतसा दोर खाली ओढला जातो आणि टग एका कुशीवर कलते. म्हणून दोराजवळ कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा ठेवतात. नेव्हाडा फेब्रुवारी १९४२ मध्ये तरंगली आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती.

दुपारनंतर होगा बॅटलशिपच्या रांगेत आगी विझवत राहिली आणि शेवटी ॲरिझोनापाशी थांबली. ते काम मंगळवारी, ९ तारखेच्या दुपारपर्यंत चालले. फेब्रुवारी १९४२ मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी तिच्या खलाशांचा लेखी गौरव केला.

मुंबईच्या वाचकाला इथे १४ एप्रिल १९४४ आठवल्याशिवाय राहणार नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ जळत होते. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. इंजिनाचे काम चालू असल्याने जहाज स्वतः हलू शकत नव्हते. ते ओढून बाहेर न्यायचे, जागीच बुडवायचे की आग विझवत राहायचे, याचा निर्णय वेळेत झाला नाही आणि चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. पर्ल हार्बरमध्ये कोणते जहाज कुठून हलवायचे हे टगवरच्या आणि जहाजावरच्या माणसांनी जागच्या जागी ठरवले. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती हे खरे, पण बंदरातल्या आगीत पंपाइतकेच महत्त्व ओढण्याच्या दोराला असते, हे दोन्हीकडे दिसते.

ओकलंडची अग्निशमन बोट

मे १९४४ मध्ये होगाचा दर्जा बदलून वायटीबी-१४६ (मोठी बंदर-टग) झाला. युद्ध संपल्यावर अशा टग नौदलाकडे गरजेपेक्षा जास्त उरल्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड बंदराला अग्निशमन बोट हवी होती. १९४८ मध्ये होगा त्यांना वापरायला दिली गेली आणि त्याच जुलैत ‘पोर्ट ऑफ ओकलंड’ या नावाने कामाला लागली. नंतर तिचे नाव ‘सिटी ऑफ ओकलंड’ झाले. मालकी नौदलाकडेच राहिली. जादा पंप बसवल्यावर तिची क्षमता मिनिटाला १०,००० गॅलन झाली, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर.

या काळाकडे जतनाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही, आणि तिथेच चुकते. अग्निशमन दलाकडच्या बोटीची इंजिने नेमाने फिरवली जातात, बिल्ज (तळाशी पाणी साचते तो भाग) रोज पाहिली जाते, तळ ठरावीक काळाने सुक्या गोदीत खरवडून रंगवला जातो. हे बंदराच्या अंदाजपत्रकातून होते, देणगीतून नाही. ३० जून १९८९ रोजी तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हा ती चालती बोट होती.

१९९० च्या दशकात ओकलंडने ती परत केली आणि ती कॅलिफोर्नियातल्याच सुसून बेच्या राखीव ताफ्यात जाऊन पडली. तिथे जहाजांना पहारा मिळतो, देखभाल नाही. रंग सुटतो, पावसाचे पाणी डेकवर साचते, बंद खोल्यांत दव धरते. होगाबरोबर पर्ल हार्बरमध्ये असलेली ‘नोकोमिस’ ही टग खाजगी कामात अनेक वर्षे वापरली गेली. ती जपण्याचा स्वयंसेवी प्रयत्नही झाला, पण २०१० मध्ये ती मोडीत निघाली.

दहा वर्षे लागलेला प्रवास

नौदलाकडून जुनी नौका संग्रहालयाला मिळते ती फुकट, पण सरकारला त्यात एक पैसाही खर्च होता कामा नये, अशी कायद्याची अट आहे. ती कुठे बांधणार, कशी ओढून नेणार, देखभाल कोण करणार, विषारी पदार्थांचे काय, पैसे कुठून येणार, हे सगळे अर्जात लिहून द्यावे लागते. नॉर्थ लिटल रॉक शहराला होगा जुलै २००५ मध्ये मिळाली. ती नदीकाठी पोचली २३ नोव्हेंबर २०१५ रोजी. या दहा वर्षांतला बराच काळ ती सुसून बेमध्येच पडून होती. २०१२ मध्ये मेअर आयलंडच्या सुक्या गोदीत तिच्या तळाचे काम झाले.

अशा प्रवासाला इतका वेळ का लागतो, हे समजण्यासाठी मृत नौका ओढून नेण्याची तयारी पाहावी लागते. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या सगळ्या तोंडांवर पट्ट्या वेल्ड करायच्या किंवा आतून ब्लँक फ्लॅंज (बिनभोकाची झाकणे) बसवायचे. नुसत्या जुन्या व्हॉल्व्हवर विसंबायचे नाही. पंख्याचा दांडा जागी जखडायचा, नाहीतर वाटेत पाण्याच्या जोराने तो फिरत राहतो आणि स्टर्न ग्लँडचे (दांडा तळातून बाहेर पडतो तिथल्या पाणबंद जोडाचे) पॅकिंग जळून तिथूनच पाणी आत येते. सुकाणू मधोमध बांधायचे. पाणबंद दारांचे रबर खडूने तपासायचे: कडेला खडू फासून दार आवळायचे, रबरावर रेघ सलग उमटली तर ठीक. बोट पिछाडीकडे शंभर फुटाला सुमारे एक फूट खाली ठेवायची, म्हणजे ती दोरामागे सरळ चालते. नाळेवर जलरेषेच्या वर ठळक पांढरा पट्टा रंगवायचा. ओढणाऱ्या टगवरून दुर्बिणीने तो दिसेनासा झाला, तर आत पाणी भरत असल्याचे कळते. बिल्जमधल्या पाण्याची सूचना देणारा दिवा, जादा ओढदोर आणि डिझेलचा सुटा पंप हेही लागते. सर्व्हेअर सही करतो ते यानंतरच, आणि विमा मिळतो तो त्या सहीवर. यातले काहीही देणगीदाराला दाखवण्यासारखे नसते, म्हणून पैसा इथेच अडतो.

पश्चिम किनाऱ्यावरून आर्कान्साला जलमार्गाने यायचे तर पनामा कालवा, मेक्सिकोचे आखात, मिसिसिपी आणि मग आर्कान्सा नदीतले लॉक (पाण्याची पातळी बदलून नौका वरखाली नेणारे दारांचे कप्पे), एकामागून एक. प्रत्येक लॉक ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब, त्यामुळे टगला जागेची अडचण नाही. अडचण खोलीची. या जलमार्गात ९ फूट खोली राखली जाते आणि भरलेल्या होगाचा ड्राफ्ट (पाण्याखाली जाणारी खोली) त्याच्याच आसपास. अशा वेळी इंधन आणि बॅलास्ट (तोलासाठी ठेवलेले वजन) काढणे भाग पडते. पण खालचे वजन काढले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि डेकघराच्या डोक्यावर मॉनिटर असलेली टग लवकर कलू लागते. म्हणून स्थैर्याचे गणित टाक्या रिकाम्या धरून पुन्हा करावे लागते. बांधणीच्या वेळचे आकडे उपयोगाचे नसतात.

काय ठेवायचे, काय काढायचे

ऐतिहासिक वास्तूच्या नोंदीत महत्त्वाचे वर्ष १९४१. मग ओकलंडचे पंप, पाइप आणि मॉनिटर काढून बोट ७ डिसेंबरच्या सकाळसारखी करायची का? असा मोह होतो. आमचे मत विरुद्ध आहे. एक तर काढलेल्या वस्तूच्या जागी बसवायला मूळ वस्तू मिळत नाही. बसते ती नक्कल. दुसरे, १९४१ मधले तिचे सर्वांत गाजलेले काम आग विझवण्याचेच होते. ओकलंडने त्यातच भर घातली. बदल करायचाच असेल, तर तो नटबोल्टने परत उलटवता येईल असा असावा. रंगाचा निर्णय मात्र पुराव्यावर व्हावा: डेकघराच्या आडोशाच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश कागदाने हलके घासत नेली, की रंगाचे थर एकाआत एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. सगळ्यात आतले तांबडे शिसे, मग जहाजबांधणीचा रंग, मग पुढचे. हे उघड्या बाजूवर करू नये. तिथे आधीच्या खरवडण्यात थर गेलेले असतात.

या थरांत शिसे असते, म्हणून कोरडे ग्राइंडिंग टाळावे. जुन्या केबलच्या आवरणात पीसीबी हे विषारी रसायन सापडते. दशलक्षात ५० भाग किंवा त्याहून जास्त निघाले, तर केबलची विल्हेवाट नियमानुसारच लावावी लागते. डिझेल-इलेक्ट्रिक बोटीत केबल साध्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे हा खर्चही जास्त. पाइपांवरच्या लॅगिंगमध्ये (उष्णतारोधक वेष्टणात) ॲस्बेस्टॉस असल्याचे गृहीत धरून नमुना तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये.

तळ आणि मोटर

पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजतात. मूळ जाडीच्या २५ टक्क्यांहून जास्त झीज झाली की पत्रा बदलायचा, हा सर्वमान्य नियम. मूळ ९.५ मिमी असेल, तर ७.१ मिमीच्या खाली थांबायचे नाही. पण सगळीकडे सारखे मोजून पैसे घालवण्यात अर्थ नाही. टगचा पत्रा ठरावीक जागी जातो: जलरेषेचा पट्टा, बिल्जमध्ये जिथे पाणी कायम साचते ती जागा, साखळीची कोठडी आणि टाकीतल्या सक्शन पाइपच्या तोंडाखालचा भाग. सगळ्यात फसवी जागा फेंडरमागची. टगच्या कडेने फिरवलेल्या लाकडी किंवा रबरी फेंडरआड पाणी अडकते, बोल्टभोवती गंज फुगतो आणि बाहेरून रंग ताजा दिसत असताना आत पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात. बोल्टाच्या डोक्याशी तांबूस ओघळ दिसला की तेवढे फेंडर सोडवून पाहावेच.

ठिगळ लावून भागवण्याची सवय इथे महागात पडते. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्ड केला, तर दोन्हींच्या मधे ओल राहते आणि गंज आतून चालूच राहतो. आतला पत्रा पातळ असल्याने वेल्ड कडेलाच तडकतो. खराब भाग कापून त्याच जाडीचा तुकडा बसवावा, आणि त्याचे कोपरे किमान ७५ मिमी त्रिज्येने गोल ठेवावेत. काटकोनी कोपऱ्यातून भेग निघते. वेल्डिंगच्या आधी पलीकडच्या बाजूला काय आहे ते पाहायचे. तिथे जुनी तेलाची टाकी असेल, तर वायुमुक्त असल्याचा दाखला हवा, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे पहारेकरी बसवायचा. जुन्या जहाजांवरच्या आगी बहुधा दुरुस्तीच्या वेळीच लागतात.

मोटर आणि जनित्रांचा शत्रू दमटपणा. कम्युटेटरवरचे (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावरचे) कार्बन ब्रश उचलून ठेवावेत. एकाच जागी टेकून राहिले तर ओलीत त्याखाली तांब्यावर डाग खातो. मेगरने ५०० व्होल्टवर रोधन मोजावे. एक मेगओमच्या खाली आले, तर आधी वाळवायचे आणि मगच वीज द्यायची. इंजिनखोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहील एवढा डीह्युमिडिफायर चालवला, तर लोखंड आणि वेटोळी दोन्ही वाचतात. वीजबिल भरणे नवी वेटोळी घालण्यापेक्षा स्वस्त. डिझेल इंजिने महिन्यातून एकदोनदा आधी हातपंपाने तेल चढवून बारिंग गिअरने (इंजिन हळू फिरवणाऱ्या दातेचक्राने) फिरवावीत, आणि दर वेळी क्रँक वेगळ्या कोनात थांबवावा. आर्कान्सात हिवाळ्यात गोठण येते, त्यामुळे सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधले पाणी काढायचे किंवा अँटीफ्रीझ घालायचे. एकदा विसरलात, तर सिलिंडरला चीर. आणि या इंजिनांचे सुटे भाग बाजारात नाहीत.

गोडे पाणी

नदीत नौका ठेवण्याचा मोठा फायदा असा, की खाऱ्या पाण्यापेक्षा गंज सावकाश चढतो आणि तळाला शिंपल्याबार्नॅकलची जाड साल धरत नाही. पण समुद्रावरची सवय इथे जशीच्या तशी चालत नाही. समुद्रात तळाला जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून लोखंड वाचवणारे तुकडे) लावतात. गोड्या पाण्यात विजेचे वहन कमी, आणि जस्तावर थर धरून ते निकामी होते. तिथे मॅग्नेशियम लावावे लागते. शेजारी दुसरी लोखंडी नौका असेल आणि दोघींना किनाऱ्यावरून वीज येत असेल, तर अर्थिंगच्या तारेतून एकीचे ॲनोड दुसरीला वाचवत बसतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला की हे थांबते.

आर्कान्सा नदीत झीब्रा मसल हा छोटा शिंपला १९९० च्या दशकापासून आहे. पाणी घेणाऱ्या जाळ्या तो बुजवून टाकतो. होगासारख्या बोटीत जिथे आगीच्या पंपांची मोठी सक्शन तोंडे आहेत, तिथे ती वापरात नसतील तर कायमची बंद करणे बरे. नाहीतर पाणबुड्याकडून नेमाने साफ करून घ्यावी लागतात.

पुराचे काम वेगळेच. २०१९ मध्ये या नदीला फार मोठा पूर आला होता. पाणी काही फूट चढते, मग उतरते, आणि दोर बेताचे ठेवले तर चढताना बोट खाली दाबली जाते किंवा उतरताना लटकते. म्हणून नौका खांबांवर वरखाली सरकणाऱ्या कड्यांना बांधायची, किनाऱ्यावरच्या खुंट्यांना नाही. वाहून आलेले ओंडके नाळेपाशी अडकून ढीग होतो आणि त्याचा सगळा जोर पुढच्या दोरांवर येतो, तेव्हा प्रवाहाकडे तिरकस तरंगता आडोसा लावतात. किनाऱ्याची वीज पुरात बंद होते. त्या वेळी बिल्जपंप बॅटरीवर किमान तीन दिवस चालतील एवढी सोय हवी, आणि ती बॅटरी बिल्जच्या पातळीवर नव्हे तर मुख्य डेकच्या वर बसवायची.